अपग्रेड काही मिनिटांचं, मग तीन महिने कशाला?

प्रश्न : आमचा पोस्टग्रेस १२ वरचा डेटाबेस ४ टीबीचा आहे. अपग्रेडचं टूल काही मिनिटांत काम उरकतं असं वाचलं, पण आमच्या डीबीएंनी (डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी) तीन महिने आणि तेवढाच दुसरा सर्व्हर मागितलाय. साहेबांना हा खर्च पटत नाही. त्यांना काय सांगू?

उत्तर : मी तुमच्या डीबीएंच्या बाजूने आहे. तुम्ही वाचलंत तेही खरंच आहे. ते टूल, म्हणजे पीजी_अपग्रेड, लिंक पद्धतीने चालवलं तर डेटाच्या फायली कॉपी होतच नाहीत, त्यामुळे ४ टीबी असला तरी फारसा वेळ लागत नाही. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना वापरता येत नाही, कारण फायली दोघांच्या सामाईक असतात. दुपारी काही बिघडलं तर बॅकअपच लावावा लागतो. सेकंदाला २०० एमबी वेग धरला तरी ४ टीबी परत यायला साडेपाच तास लागतात, आणि अपग्रेडनंतर झालेल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. दुसऱ्या सर्व्हरचे पैसे हे परतीच्या वाटेचे पैसे आहेत.

त्यातून ऑपरेटिंग सिस्टिमही बदलणार असाल तर जास्तच सांभाळा. लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीच्या २.२८ व्हर्जनमध्ये, म्हणजे २०१८ साली, अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. इंडेक्स (शोध जलद व्हावा म्हणून ठेवलेली सूची) जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने, असं झालं की टेबलात असलेलं नाव सापडत नाही. मग युनिक इंडेक्स (एकच नाव दोनदा येऊ न देणारा) असूनही तेच नाव दुसऱ्यांदा घातलं जातं. एरर कुठेच येत नाही, म्हणून मला याची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. मजकुरावरचे इंडेक्स रीइंडेक्स करायचे, म्हणजे नव्याने बांधायचे, आणि इतक्या मोठ्या टेबलांवर त्यालाही तास लागतात.

म्हणूनच तुमच्या जागी मी लॉजिकल रेप्लिकेशन निवडीन, म्हणजे जुन्या सर्व्हरवरचा डेटा आणि त्यातले बदल सतत नव्यावर पोचवत राहायचे. त्यात नव्या सर्व्हरवर इंडेक्स नव्यानेच बनतात, आणि स्विचनंतर (काम नव्या सर्व्हरवर वळवल्यावर) उलटं रेप्लिकेशन लावलं तर परतही फिरता येतं. त्याची कटकट वेगळी. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) नसलेली टेबलं आधी नीट करावी लागतात. टेबलांच्या रचनेतले बदल आपोआप जात नाहीत, म्हणजे तेवढे दिवस डेव्हलपरांना थांबवायचं. सीक्वेन्सचे, म्हणजे नव्या नोंदींना क्रमांक देणाऱ्या मोजणीचे, आकडेही जात नाहीत. ते हाताने पुढे सरकवले नाहीत तर स्विचनंतरची पहिलीच नवी नोंद डुप्लिकेट की म्हणून परत येते. आणि गर्दी सुरू व्हायच्या आत अॅनालाइझ (डेटाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवाच, नाहीतर प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, अंदाज नसतो आणि रोजच्या साध्या क्वेऱ्याही अख्खं टेबल चाळत बसतात.

तीन महिन्यांतला बराचसा वेळ प्रॉडक्शनच्या प्रतीवर रंगीत तालीम करण्यात आणि जुन्या-नव्या प्लॅनची तुलना करण्यात जाईल. तो कापू देऊ नका.

साहेबांना एवढंही सांगा : १२ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२४ ला संपला, तेव्हापासून सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. १३ चाही २०२५ च्या नोव्हेंबरात संपला, तेव्हा मधे न थांबता थेट १७ किंवा १८ वर जा. तशी उडी मारता येते. एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडलेल्या जादा सुविधा) त्या व्हर्जनला चालतात का, ते मात्र आधी बघा. जुना सर्व्हर एक महिनाअखेर नव्यावर सुरळीत पार पडेपर्यंत सोडू नका. हिशेबाच्या जड क्वेऱ्या तेव्हाच चालतात.