पहिल्यांदा मसाज थेरपीला जाताय? हे आधी वाचा

भरल्या पोटी जाऊ नका. जेवण आणि मसाज यात दीड-दोन तास जाऊ द्या, कारण पालथं झोपल्यावर पोटावर दाब येतो. माहितीचा फॉर्म भरायला दहा मिनिटं आधी पोहोचा आणि त्यात काही लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, सुक्यामेव्याची ॲलर्जी (बदामाचं तेलही वापरतात) हे सगळं लिहा. ताप असेल तर दिवस पुढे ढकला. एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल, दुखत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते, तिथे चोळणं जिवावर बेतू शकतं.

कपडे किती काढायचे हे तुम्हीच ठरवायचं. ज्या भागावर काम चालू असतं तेवढाच उघडा, बाकी अंग चादरीखाली.

दाबाबद्दल मात्र नवखे हमखास गप्प बसतात. दुखणं दहापैकी सहाच्या वर गेलं, श्वास रोखला जातोय, मुठी आवळल्या जातायत, की लगेच सांगा. दुखण्याने स्नायू आखडला की तो सैल होतच नाही, मग जोर फुकट जातो.

संपल्यावर आधी कुशीवर वळा, मिनिटभर बसा, मगच उभे राहा; एकदम उठलात तर चक्कर येते. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकेल, एक-दोन दिवसांत थांबतं.