पैसा जर्मनीचा, डबे चीनचे

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे राष्ट्रीयीकृत बँकेच्या प्रकल्प-कर्ज विभागातून निवृत्त झाले असून नागपुरात धरमपेठेत राहतात.

प्रश्न : काका, आपल्या मेट्रोला कर्ज जर्मनी आणि फ्रान्सचं आणि डबे चीनचे, असं कळलं. उद्या हप्ते थकले तर बर्डीचं स्टेशन ९९ वर्षांच्या पट्ट्याने कोणी घेऊन जाईल का? श्रीलंकेचं बंदर गेलंच ना?
– एक वाचक, महाल

उत्तर : बर्डीचं स्टेशन कुठे जात नाही बाप्पा, निवांत राहा. पण तुम्ही दोन गोष्टी एकाच पत्रात घातल्यात, त्या सोडवून सांगतो.

मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा खर्च ८,६८० कोटींचा धरला होता. त्यासाठी २०१६ साली जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेने ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडी या सरकारी विकास संस्थेने १३ कोटी युरो कर्ज दिलं. डब्यांसाठी जागतिक निविदा निघाली. जर्मन पैसा आहे म्हणून गाडीही जर्मनच घ्या, अशी अट नव्हती. सीआरआरसी या चिनी सरकारी कंपनीचा दर बसला आणि दालियनच्या कारखान्यातून तीन-तीन डब्यांच्या २३ गाड्यांचं काम ठरलं. लोकांना हे विचित्र वाटतं. मला विचाराल तर या कर्जातली हीच सगळ्यात चांगली गोष्ट. ज्याचा पैसा त्याचाच ठेकेदार आणि त्याचंच यंत्र, असं ठरलं की व्याजात वाचलेले पैसे किमतीत जातात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज बघा. व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं मुद्दलाला हात नाही. ऐकून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. पण तंत्र जपानच्या शिंकानसेनचं, तेव्हा भाव करायला बसायचं ते जपानी कंपन्यांसमोरच.

आता हंबनटोटा, म्हणजे तुमचं ते श्रीलंकेचं बंदर. पहिल्या टप्प्याला चीनच्या एक्झिम बँकेने (निर्यात-आयातीला कर्ज देणारी सरकारी बँक) ३०.७ कोटी डॉलर दिले, व्याज ६.३ टक्के. बंदरात जहाजं पुरेशी येईनात. २०१७ मध्ये ते एका चिनी कंपनीला ९९ वर्षांसाठी दिलं आणि त्यातून श्रीलंकेला ११२ कोटी डॉलर मिळाले. ‘कर्ज फिटलं नाही म्हणून बंदर जप्त झालं’ ही गोष्ट इथूनच सुरू झाली. कागद वेगळं सांगतात. त्या पैशांनी बंदराचं कर्ज फेडलेलंच नाही. पैसे गेले गंगाजळीत, बाकीची डॉलरची देणी भागवायला, आणि एक्झिम बँकेचं कर्ज श्रीलंकेच्या सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने हात वर केले, तेव्हा परकीय कर्जात सगळ्यात मोठा वाटा होता आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा. चीनचा नव्हे. चीन त्यातून साळसूद ठरतो असं मी म्हणत नाही. जहाजं येणार किती याचा हिशेब न बघता ६.३ टक्क्यांनी डॉलर देणारा बँकर माझ्या विभागात असता तर त्याची फाइल मी परत पाठवली असती.

नागपूरकरांनी खरं विचारायला हवं ते दुसरंच : कर्ज कोणत्या चलनात आहे, आणि प्रवासी आले नाहीत तर हप्ता कोण भरणार? हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराने परदेशी यंत्रासाठी डॉलरचं कर्ज उचललं होतं. व्याज रुपयाच्या कर्जापेक्षा बरंच कमी, म्हणून खूश. जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा रुपयाचं अवमूल्यन झालं. माझ्या टेबलासमोर बसून तो त्याच त्या तक्त्यावर पुन्हापुन्हा बोट फिरवत होता, डॉलरच्या रकान्यातला आकडा हलला नव्हता आणि शेजारचा रुपयाचा रकाना एवढा कसा फुगला ते त्याला पटेना. माल तो विकायचा विदर्भातच, रुपयात. मेट्रोचं तिकीटही रुपयातच फाटतं. म्हणून व्याजाचा दर सांगून कोणी कर्ज स्वस्त म्हणाला की मी आधी चलन विचारतो.

हप्ता कोण भरणार, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. केएफडब्ल्यूचा करार भारत सरकारशी आहे. गाडी रिकामी धावली तरी जर्मन बँकेला हप्ता पोचेल. तिकिटांत भागलं नाही तर उरलेलं तुमच्या-माझ्या करातून.

प्रश्न : सर, मी एमपीएससीची तयारी करते. बेल्ट अँड रोड, ग्लोबल गेटवे, पीजीआयआय यांत फरक काय? नोट्समध्ये सगळे एकसारखेच वाटतात.
– एक विद्यार्थिनी, वर्धा रोड

उत्तर : नोट्समध्ये तसं वाटतं, कारण नोट्स जाहीरनाम्यांवरून काढलेल्या असतात.

तिन्ही म्हणजे दुसऱ्या देशांत रस्ते, रेल्वे, बंदरं उभारायला पैसा पुरवण्याच्या योजना : पहिली चीनची, दुसरी युरोपची, तिसरी जी-७ देशांची. तारखा आधी घे. बेल्ट अँड रोड २०१३ चं, शी जिनपिंग यांनी कझाकस्तान आणि इंडोनेशियात मांडलं. जी-७ देशांनी जून २०२१ मध्ये इंग्लंडात ‘बिल्ड बॅक बेटर वर्ल्ड’ काढलं. वर्षभरात ते नाव गुंडाळून जर्मनीत पीजीआयआय आलं : २०२७ पर्यंत ६०० अब्ज डॉलर, त्यात अमेरिकेचा वाटा २०० अब्ज. युरोपचं ग्लोबल गेटवे डिसेंबर २०२१ चं, ३०० अब्ज युरोंचं. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

आता परीक्षेबाहेरचं. चीनचा पैसा म्हणजे मुख्यतः सरकारी बँकांची कर्जं, सोबत चिनी ठेकेदार, आणि काम लवकर सुरू. पाश्चात्त्यांच्या ६०० अब्जांत सरकारी पैसा आहे, हमी आहे, आणि ‘यामुळे खासगी कंपन्याही पैसा लावतील’ अशी आशासुद्धा त्याच आकड्यात मोजलेली आहे. अशी आशा एखाद्या कर्जदाराने प्रकल्प अहवालात लिहिली असती तर आम्ही त्यावर लाल पेनाने रेघ ओढली असती.

एक रेल्वेमार्ग लक्षात ठेव, लोबितो. अंगोलाच्या किनाऱ्यावरच्या या बंदरातून सुमारे १,३०० किलोमीटरची लाइन काँगोच्या हद्दीपर्यंत जाते. पलीकडे तांबं आणि कोबाल्ट. यादवी युद्धात उखडलेली ही लाइन चिनी पैशाने, चिनी कंपनीने २०१४ पर्यंत पुन्हा उभी केली. ती चालवण्याचा ३० वर्षांचा ठेका मात्र २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांच्या गटाला मिळाला, आणि अमेरिकेने तिला पीजीआयआयचा मुकुटमणी म्हणून मिरवलं. गंमत अशी, की त्या गटातल्या पोर्तुगीज कंपनीत जवळपास एक-तृतीयांश हिस्सा एका चिनी सरकारी कंपनीचा आहे. नकाशावर दोन रंगांनी रंगवलेल्या स्पर्धेचं जमिनीवर हे असं होतं.

दुसरं उदाहरण जकार्ता-बांडुंग रेल्वे, १४२ किलोमीटर. २०१५ मध्ये जपान आणि चीन दोघेही दारात उभे होते. जपानचं व्याज नगण्य, पण सरकारी हमी हवी. चीनचं व्याज २ टक्के, हमी नको. इंडोनेशियाने चीनला होकार दिला. खर्च फुगून सात अब्ज डॉलरच्या वर गेला आणि २०२१ मध्ये सरकारला तिजोरी उघडावीच लागली. गाडी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, चांगली पळते म्हणतात. सरकारला बुडू देता येत नाही अशा प्रकल्पात ‘हमी नको’ला काय अर्थ उरतो, हे उत्तरपत्रिकेत लिहिलंस तर परीक्षक थांबून वाचेल.

प्रश्न : भारत बेल्ट अँड रोडवर बहिष्कार टाकतो आणि बीजिंगच्या बँकेतून कर्जही घेतो. हा दुटप्पीपणा नाही का?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बेल्ट अँड रोडला विरोध आहे कारण त्यातला चीन-पाकिस्तान मार्ग गिलगिट-बाल्टिस्तानातून, म्हणजे आपण आपला मानतो त्या भूभागातून जातो. म्हणून मे २०१७ च्या बीजिंग परिषदेला आपण गेलो नाही. बीजिंगमधली एआयआयबी, म्हणजे आशियाई पायाभूत गुंतवणूक बँक, ही अनेक देशांची वेगळी संस्था. आपण तिचे संस्थापक सदस्य, भांडवलात चीननंतर दुसरे आणि कर्ज घेण्यात सगळ्यांच्या पुढे. तिथे मतदान आहे, खुल्या निविदा आहेत.

आणि आपण फक्त घेतो असंही नाही. आपली एक्झिम बँक आफ्रिकेला, बांगलादेशला कर्ज देते तेव्हा साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्या, अशी अट असते. इतवारीत बसून चीनच्या अटींवर बोलताना तेवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न : चीनची सावकारी कळते. पण गोऱ्यांचं कर्ज तरी स्वच्छ असतं, हे तुम्ही मान्य कराल की नाही?
– एक निवृत्त शिक्षक, रामटेक

उत्तर : गुरुजी, दाभोळ विसरलात? गुहागरजवळचा एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीज प्रकल्प. वीज घ्या वा न घ्या पैसे द्या, दर डॉलरशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. २००१ मध्ये तो बंद पडला तेव्हा वीज मंडळाचे पार हाल झाले होते. त्यात कर्ज आणि विमा देणाऱ्यांमध्ये अमेरिकन सरकारची ओपिक ही संस्था होती. तिचाच २०१९ मध्ये नवा अवतार झाला डीएफसी, आणि लोबितोच्या लाइनला पैसा देण्यात ती पुढे आहे.

पण एका बाबतीत तुमचं म्हणणं खरं. सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. विस्थापितांच्या आंदोलनानंतर तिनेच स्वतंत्र समिती नेमली, १९९२ मध्ये तिचे अध्यक्ष मोर्स यांचा अहवाल बँकेच्या विरोधात गेला आणि तो छापला गेला. मार्च १९९३ मध्ये आपण उरलेलं कर्ज सोडून दिलं. स्वतःच्या कर्जाची अशी चिरफाड करून ती चारचौघांत मांडलेली चिनी बँक माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या करारांत तर ‘अटी उघड करायच्या नाहीत’ हेच एक कलम असतं, हे काही वर्षांपूर्वी अभ्यासकांनी शंभर करार गोळा करून दाखवून दिलं.

प्रश्न : हे कागद सामान्य माणसाला वाचायला मिळतात का? माझं इंग्रजी बेताचं आहे.
– एक शेतकरी, काटोल

उत्तर : मिळतात. जागतिक बँक, एडीबी (आशियाई विकास बँक) आणि एआयआयबी यांच्या संकेतस्थळांवर प्रकल्पाचं नाव टाका, फुकट आहे. इंग्रजीची अडचण असेल तर सुरुवात पोकरापासून करा. विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांसाठीचा हा कृषी संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहिला आणि त्याचे बरेच कागद मराठीत आहेत. आकडे नंतर बघा, आधी जमीन आणि पुनर्वसनाची पानं काढा, ठेकेदाराला सगळ्यात जास्त तीच टोचतात. मेट्रोच्या कर्जाचा तपशील महामेट्रोच्या वार्षिक अहवालात, ताळेबंदाच्या टिपांत सापडेल. चीनच्या एक्झिम बँकेच्या संकेतस्थळावर मात्र डेटा पॅक खर्च करू नका.