डोमेन घेताना प्रायव्हसीचे वेगळे पैसे भरावेत का?

स्वतःच्या नावाच्या ब्लॉगसाठी डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेताय आणि प्रायव्हसी, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदीतलं आपलं नाव-पत्ता झाकणारी सेवा, घ्यावी का, असं विचारलंत. घ्या, तीही नोंदणी करतानाच. नंतर घेऊन काय होतं ते मी भोगलंय.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो. आमच्या गल्लीत टँकरचे भाव रोज बदलायचे, म्हणून मी ते ब्लॉगवर लिहायला लागले. डोमेन दिरांनी घेऊन दिलं. प्रायव्हसीचे पाच-सहाशे रुपये जादा पडत होते. ते म्हणाले, "वहिनी, दुकानाला पाटी लावतोच ना आपण? लपवायचं काय त्यात?" मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून फोन. "मॅडम, वेबसाइट बनवून देऊ? लोगो?" दिवसाला आठ-दहा. तेही सोसलं. मग एका रात्री मेल आला. मजकूर काहीच नाही, नुसता आमच्या घराचा पत्ता. फॉर्म भरताना घाईत मी 'मारुती मंदिराजवळ'चं 'मंदरीजवळ' केलं होतं. मेलमध्येही 'मंदरीजवळ'च होतं. म्हणजे मेल पाठवणाऱ्यानं तो हूइजमधूनच, डोमेन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या सार्वजनिक नोंदीतूनच, उचलला होता. सासूबाई दुपारी घरात एकट्या असायच्या. मी टँकरवरचं लिखाण त्याच आठवड्यात थांबवलं.

मेल आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच पैसे भरून प्रायव्हसी घेतली होती. उपयोग शून्य. जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत, तिथे तो पत्ता 'मंदरी'सकट पडून असणार.

दिरांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. पाटी दुकानाला असते, दुकानाला शटर असतं, रात्री कुलूप लागतं. मी दुकान काढलं नव्हतं, लिहीत होते. लिहिणाऱ्या बाईच्या घराचा पत्ता जगापुढे टांगायचा आणि वर तिलाच विचारायचं, लपवतेस काय? पाच-सहाशे रुपयांत सासूबाईंची झोप शाबूत राहिली असती.

आता परिस्थिती बरी आहे, हेही सांगते. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहिती जपणारा कायदा २५ मे २०१८ ला लागू झाला, तेव्हापासून डोमेनांची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमांमुळे डॉट कॉमच्या नोंदीत नाव-पत्ता बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो. राज्य आणि देश मात्र दिसतात. बरेच रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपन्या, प्रायव्हसी फुकट देतात. पैसे मागणारा असेल तर दुसरा बघा. डॉट इनला अशी सेवा घेता येत नाही, शिवाय केवायसी मागतात.

खोटा पत्ता मात्र टाकू नका. तक्रार झाली तर डोमेन बंद पडू शकतं, आणि उद्या मालकी सिद्ध करायची वेळ आली तर पंचाईत. पोलीस, कोर्ट यांच्यापासून प्रायव्हसी काही लपवत नाही, रजिस्ट्रारकडे खरं नाव असतंच. मेल आणि फोन नंबर या कामापुरते वेगळे ठेवा. आणि 'संस्था' हा रकाना रिकामा सोडा. तिथे स्वतःचं नाव टाकलंत तर बाकी सगळं झाकूनही ते उघडं राहू शकतं.