नखाएवढ्या मोहोरेवरून धर्म कसा कळणार?

प्रश्न: एका म्युझियममध्ये इराणच्या ससानी राजघराण्याच्या काळातल्या मोहोरा, म्हणजे शिक्का उमटवायचे कोरीव खडे, बघितल्या. छोटासा दगड, त्यावर रानडुक्कर नाहीतर मेंढा कोरलेला. यावरून झरथुष्ट्री (म्हणजे पारशी लोकांचा) धर्म आणि समाज कसा होता हे कसं काय ठरवतात? त्यासाठी त्यांचा धर्मग्रंथ अवेस्ता आहे ना?

उत्तर: अवेस्ता आहेच हो, पण आज ज्या प्रती हातात आहेत त्या ससानी राज्य (इ.स. 224 ते 651) बुडाल्यावर कित्येक शतकांनी लिहिलेल्या, आणि पहलवी (म्हणजे त्या काळच्या फारसीतले) ग्रंथही बरेचसे नवव्या शतकातले. मोहोर मात्र त्याच काळातल्या माणसाच्या हातातली, मधे नक्कल करणारा कोणी नाही, म्हणून मला तिचं इतकं मोल वाटतं.

तुमच्या रानडुकराचं म्हणाल तर बहराम यश्तात, म्हणजे अवेस्तातल्या एका स्तोत्रात, विजयाचा देव बहराम डुकराच्या रूपात येतो, मेंढ्याच्याही येतो, पण म्हणून दिसलं डुक्कर की तो बहरामच असं मी तरी म्हणणार नाही, शिकारीची हौसही असेल. अग्निवेदी कोरलेली असली की मोहोर झरथुष्ट्री माणसाची याबद्दल शंका उरत नाही. आणि खरा खजिना अक्षरांत आहे. 'अबेस्तान ओ यज्दान' म्हणजे देवांवर भरवसा, हे कितीतरी मोहोरांवर सापडतं, आणि ख्रिस्ती लोकांच्या मोहोरांवर क्रॉस नि त्याच्याभोवती तीच पहलवी लिपी, म्हणजे वेगळ्या धर्माची माणसंही त्याच पद्धतीत वावरत होती.

दगडापेक्षा मातीचे ठसे जास्त बोलतात. कातड्यावर लिहिलेला दस्तऐवज किंवा माल दोरीने बांधायचा, गाठीवर ओली माती थापायची आणि तिच्यावर मोहोर दाबायची. कातडं कुजलं, दोरी गेली, माती राहिली, मागच्या बाजूला दोरीची खूण अजून दिसते. इराणमधल्या तख्त-ए-सुलेमानला, जिथे आदुर गुश्नस्प नावाचा मोठा पवित्र अग्नी होता, तिथे असे ठसे भरपूर मिळाले. पहिल्या खुस्रो या ससानी राजाने सैन्य चार सेनापतींत वाटलं ही नंतरच्या ग्रंथांतली गोष्ट काही अभ्यासकांना खरी वाटत नव्हती, शेवटी त्या सेनापतींचेच ठसे हाती लागले!

पण मला सगळ्यात भिडलेली मोहोर एका हुद्द्याची आहे, 'द्रियोशान जादग्गोव उद दादवर', गरिबांचा कैवारी आणि न्यायाधीश. झरथुष्ट्री लोक रोज म्हणतात त्या 'यथा अहू वइर्यो' प्रार्थनेच्या शेवटी 'द्रिगुब्यो' म्हणजे गरिबांसाठी हा शब्द येतो, त्याचंच पुढचं रूप हे द्रियोशान, प्रार्थनेतला शब्द थेट सरकारी शिक्क्यावर.