टॅलाहासीतला राग अजून ओसरलेला नाही, त्याचं कारण

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ऑगस्ट २०२५ मध्ये तू एमएससाठी टॅलाहासीला, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात आलास, ३० तारखेला लॅबमधल्या मुलांबरोबर अलाबामा विद्यापीठाविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला गेलास. आपण ३१-१७ असे जिंकलो, तरी पार्किंगमध्ये म्हातारी माणसं दीड वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा शिक्षेवरून तावातावाने भांडत होती. जाहिरातीच्या करारावरून विद्यापीठाला शिक्षा कशी होते आणि लोक अजून एवढे का चिडलेले आहेत, हे तुला कळलं नाही. शिवाय तुझी मामेबहीण पुण्यात टेनिस खेळते. तिला इथे शिष्यवृत्ती मिळाली तर तिलाही असे करार करता येतील का, हेही तू विचारलंस.

मी २००४ मध्ये याच विद्यापीठात शिकायला आले आणि इथेच राहिले. डोक कॅम्पबेल स्टेडियममध्ये घोड्यावरचा ओसिओला, आपल्या संघाचं प्रतीक, पेटता भाला मैदानाच्या मधोमध रोवतो, तेव्हा आजही माझ्या अंगावर काटा येतो. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते.

त्या दिवशी समोर अलाबामा होतं, म्हणूनच जुनी खपली निघाली. २०२३ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेट एकही सामना हरलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला, तरी संघाने उरलेले सामने जिंकले, एसीसीचं, म्हणजे आपण ज्या विद्यापीठांच्या गटात (परिषदेत) खेळतो त्याचं, विजेतेपद मिळवलं आणि हिशेब १३-० झाला. ३ डिसेंबरला राष्ट्रीय विजेतेपदासाठीचे चार संघ जाहीर झाले आणि त्यात आपण नव्हतो. एका पराभवासह अलाबामा आत गेलं. मोठ्या परिषदेचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ. मग ऑरेंज बोल या हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात आपले बरेच खेळाडू उतरलेच नाहीत आणि जॉर्जियाने ६३-३ असं धुतलं. गाव सुतकात असल्यासारखं होतं. आणि ११ जानेवारी २०२४ ला कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेची शिक्षा जाहीर झाली. रागाची तीव्रता समजून घ्यायची तर हा क्रम लक्षात ठेव. ती शिक्षा एरवी आली असती तर लोक चार दिवस कुरकुरले असते.

आता काय घडलं होतं ते. एप्रिल २०२२ मध्ये दुसऱ्या विद्यापीठातला एक खेळाडू संघ बदलायच्या विचारात होता आणि घरच्यांबरोबर टॅलाहासी बघायला आला होता. आपले आक्रमणाचे प्रशिक्षक ॲलेक्स ॲटकिन्स त्यांना गाडीत घालून एका बूस्टरकडे घेऊन गेले. बूस्टर म्हणजे संघासाठी पैसा उभा करणारा देणगीदार चाहता. हा माणूस एका कलेक्टिव्हचा, म्हणजे चाहत्यांकडून पैसे गोळा करून खेळाडूंना करार देणाऱ्या गटाचा, प्रमुख होता. त्याने त्या मुलापुढे पहिल्या वर्षासाठी महिना सुमारे १५,००० डॉलरचा करार ठेवला. मुलगा आलाच नाही, जुन्याच संघात राहिला.

यात चूक कुठे? १ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरून पैसे कमवायची मुभा आहे. यालाच सगळे एनआयएल म्हणतात. गावातल्या मोटारींच्या शोरूमची जाहिरात कर, लहान मुलांचं शिबिर घे, सह्या विक, सगळं चालतं. चालत नव्हतं ते एवढंच, की 'आमच्याकडे आलास तर इतके देऊ' असं आमिष दाखवणं. बूस्टरने होतकरू खेळाडूला गाठायचं नाही आणि प्रशिक्षकाने ती भेट घडवून आणायची नाही. ॲटकिन्स यांनी ती घडवून आणली आणि वर चौकशीत त्याबद्दल खोटी माहिती दिली. त्यांना तीन सामन्यांची बंदी झाली आणि दोन वर्षांचा 'शो-कॉज' लागला, म्हणजे त्या काळात कोणतंही विद्यापीठ त्यांना नेमणार असेल तर त्यांच्यावरचे निर्बंध त्या विद्यापीठालाही पाळावे लागतात. विद्यापीठाला दोन वर्षं प्रोबेशन, दंड, पाच शिष्यवृत्त्या कमी आणि खेळाडूंना बोलावून गाव दाखवण्याच्या भेटींवर कात्री. त्या बूस्टरशी तीन वर्षं संबंध तोडायचे आणि त्या कलेक्टिव्हशी एक वर्ष.

पाच शिष्यवृत्त्या गेल्याचं आम्हाला दुःख आहे, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. तसं नाही. तेव्हा एका संघाला ८५ शिष्यवृत्त्या असत. दोन वर्षांत मिळून पाच म्हणजे संघ काही कोसळत नाही. झोंबली ती कलेक्टिव्हची अट. कलेक्टिव्ह म्हणजे एखादाच धनाढ्य माणूस नव्हे. त्यात शाळेत शिकवणारे, नळदुरुस्ती करणारे, निवृत्त पोस्टमन असे लोक दरमहा दहा-वीस डॉलर टाकत होते. त्या वर्षांत देशभरातले प्रशिक्षक जाहीर सभांमधून चाहत्यांना सांगत होते, कलेक्टिव्हला द्या, नाहीतर चांगली मुलं दुसरीकडे जातील. स्टेडियममध्ये माझ्या पुढच्या रांगेत बसणारे एक गृहस्थ बॉबी बाउडेन १९७६ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले तेव्हापासून तिथेच बसतात. ते मला म्हणाले, 'मला दोन वर्षं पैसे दे म्हणून सांगितलं आणि आता सांगतात, तू ज्यांना दिलेस त्यांच्याशी बोलायचं नाही.' हा माणूस पैशासाठी चिडलेला नव्हता. आपलं प्रेम कुणीतरी गैरप्रकाराच्या रकान्यात टाकलं, हे त्यांना लागलं होतं. ते माझ्याही मनाला लागलं.

दुसरा राग वेळेचा, आणि तो मला सर्वस्वी रास्त वाटतो. शिक्षेनंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा एनसीएए टेनेसी विद्यापीठाची अशीच चौकशी करत असल्याचं बाहेर आलं. तिथल्या क्वार्टरबॅकचा, निको इयामालियावाचा, करार ८० लाख डॉलरच्या घरातला असल्याचं छापून आलं होतं. टेनेसीने मान खाली घातली नाही. कुलगुरू डॉंडी प्लाउमन यांनी एनसीएएच्या अध्यक्षांना खरमरीत पत्र लिहिलं आणि ३१ जानेवारीला टेनेसी व व्हर्जिनिया या राज्यांचे महाधिवक्ते थेट फेडरल न्यायालयात गेले. २३ फेब्रुवारीला न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिला: आमिषाचा हा नियम एनसीएएने लागू करायचा नाही. मार्च उजाडताच एनसीएएने कलेक्टिव्ह आणि बूस्टर यांच्या सगळ्या चौकशा थांबवल्या.

तारखा मोज. आपली शिक्षा ११ जानेवारीची, मनाई हुकूम २३ फेब्रुवारीचा. मध्ये फक्त सहा आठवडे. आणि इथून अडीच तासांवरच्या गेन्सव्हिलमध्ये, फ्लोरिडा विद्यापीठ या आपल्या सख्ख्या प्रतिस्पर्ध्याकडे, एका शाळकरी क्वार्टरबॅकला १ कोटी ३८ लाख डॉलरहून मोठा करार दाखवला गेला आणि तो मोडला. मुलगा पुढे न्यायालयात गेला. त्याची चौकशीही त्या थांबलेल्या ढिगात गेली. महिना पंधरा हजारांचं न स्वीकारलेलं आमिष शिक्षेला पात्र आणि कोटीचं आमिष फाइलबंद! पार्किंगमधली माणसं हेच सांगत असणार. गेन्सव्हिलचे लोक आपल्याला १९९३ च्या फूट लॉकर प्रकरणापासून 'फुकट बुटांचं विद्यापीठ' म्हणून चिडवतात. त्या वेळी एजंटांच्या पैशाने आपल्या खेळाडूंनी दुकानातून बूट आणि कपडे नेले होते. त्यांच्याकडूनच पुन्हा टोमणे ऐकावे लागले, म्हणून ही जखम जास्त खोल.

पण आपल्याच लोकांशी माझं जिथे पटत नाही, तेही लिहिते. 'एनसीएएने आपल्यावर लादलं' असं सगळे म्हणतात. ते तसं नाही. ही शिक्षा वाटाघाटीतून ठरली होती, विद्यापीठाने स्वतः मान्य करून सही केली होती. टेनेसी लढलं, आपण मिटवलं. त्या वेळी पुढे काय होणार हे कुणालाच दिसत नव्हतं, त्यामुळे मी विद्यापीठाला मूर्ख म्हणणार नाही. पण राग धरायचा तर अर्धा त्या सहीवरही धरावा लागेल. आणि नियम वाईट असला तरी चौकशीत खोटं बोलणं त्याने धुतलं जात नाही. शेवटी २-१० असा संपलेला २०२४ चा हंगाम चालू असताना ॲटकिन्स नोव्हेंबरमध्ये नोकरीवरून गेले, ते मैदानावरच्या अपयशामुळे. तेव्हा आनंदाने ओरडणारे बरेचजण जानेवारीत त्यांची बाजू घेत होते.

मुळात एनसीएएच्या शिक्षेची एक रीत मला वीस वर्षांत कधीच पटलेली नाही. चूक करणारा निघून जातो आणि दंड मागे राहिलेले भरतात. मी इथे असतानाच संगीताच्या एका ऑनलाइन परीक्षेतल्या कॉपीवरून खेळाडूंवर कारवाई झाली आणि बाउडेन यांच्या नावावरचे १२ विजय मागाहून पुसले गेले. स्टेडियममध्ये मी आवाज बसेपर्यंत ओरडले होते, ते सामने कागदावर घडलेच नाहीत. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं उदाहरण तर सगळ्यात कठोर. गुप्त निधीतून १३ खेळाडूंना मिळून ६१,००० डॉलर दिले म्हणून १९८७ चा त्यांचा अख्खा हंगाम रद्द झाला. १९८८ मध्येही ते खेळले नाहीत. तो संघ सावरायला दशकं गेली. आज तेवढे पैसे एखाद्या खेळाडूच्या एका करारात उघडपणे असतात. रेजी बुशने २००५ चं हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचं, पारितोषिक २०१० मध्ये परत केलं होतं, ते त्याला एप्रिल २०२४ मध्ये सन्मानाने पुन्हा मिळालं. त्याच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने मात्र हंगामानंतरच्या 'बोल' सामन्यांवरची दोन वर्षांची बंदी भोगली आणि ३० शिष्यवृत्त्या गमावल्या, ते कुणी परत दिलं नाही.

चाहत्यांच्या रागाची एक बाजू मात्र मला अस्वस्थ करते. पैसा आला की तो राग मुलांवर वळतो. टेनेसी विद्यापीठाच्या गावी, नॉक्सव्हिलमध्ये, माझी एक मैत्रीण राहते. २०२४ च्या जानेवारीत तिच्या गल्लीतली घरं इयामालियावाच्या पाठीशी उभी होती. आमच्या पोराला हात लावाल तर बघा, असा सूर होता. एप्रिल २०२५ मध्ये मोबदल्यावरून त्याचं फिसकटलं, तो सरावाला आला नाही, प्रशिक्षक जॉश ह्युपेल यांनी संघ त्याच्याशिवाय पुढे जाईल असं सांगितलं आणि तो यूसीएलएला गेला. त्याच घरांतून त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते तिला फोनवर सांगवेना. वीस वर्षांचा मुलगा. प्रशिक्षक जास्त पगारासाठी हंगामाच्या मध्यावर विद्यापीठ बदलतात तेव्हा आपण त्याला करिअर म्हणतो. टॅलाहासीतही मी हे ऐकलं आहे. चेंडू हातातून सुटला की मागून आवाज येतो, 'याला एवढे पैसे देतो आपण?' नियम कुणी मोडला, सही कुणी केली, निकाल कुणी दिला, ही सगळी मोठी माणसं. त्यांच्यावर हवं तेवढं चिडा. मुलांना वगळा.

जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या 'हाउस' खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. तेव्हापासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे वाटू शकतात (२०२५-२६ साठी मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर होती), शिष्यवृत्त्यांच्या आकड्याऐवजी संघातल्या खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली आणि बाहेरचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक करार कॉलेज स्पोर्ट्स कमिशन या नव्या संस्थेकडे तपासणीला जातो. चाहत्यांचा पुढचा राग त्या संस्थेच्या वाट्याला येईल.

आता मामेबहिणीचं, कारण ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिष्यवृत्ती तिला निर्धास्त घेता येईल. टेनिसमध्ये तर परदेशी मुली इथल्या संघांमध्ये भरपूर असतात. करारांची गोष्ट वेगळी. ती एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येईल आणि त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही. जाहिरातीसाठी उभं राहणं, पैसे घेऊन पोस्ट टाकणं, शिबिर घेणं हे काम धरलं जाऊ शकतं. एनसीएएची मुभा आणि व्हिसाचा कायदा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शीब्वे काँगोचा. तो विद्यार्थी व्हिसावर होता, म्हणून २०२२ मध्ये संघ बहामाजच्या दौऱ्यावर असताना त्याने जाहिरातींचं काम तिथे, अमेरिकेबाहेर उरकलं. त्याच्यामागे वकिलांची फौज होती, तिच्यामागे नसेल. संघातल्या अमेरिकन मुली सहज पैसे कमवताना तिला दिसतील, एखादा दुकानदार प्रेमाने रॅकेटची पिशवी देऊन फोटो मागेल, आणि नाही म्हणणं अवघड जाईल. तिला आत्ताच सांगून ठेव, की फुकट वस्तूच्या बदल्यात पोस्ट हासुद्धा मोबदला धरला जाऊ शकतो. प्रशिक्षक 'चालतं' म्हणाले तरी त्यावर विसंबायचं नाही. आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करायचा, उत्तर लेखी घ्यायचं आणि ते जपून ठेवायचं. सुट्टीत पुण्याला आल्यावर तिथल्या एखाद्या दुकानासाठी जाहिरात करायची असेल तरीही आधी त्याच कार्यालयाला आणि एखाद्या इमिग्रेशन वकिलाला विचारायचं. नियम मोडला तर फ्लोरिडा स्टेटसारख्या पाच शिष्यवृत्त्या जाऊन भागणार नाही, तिचा व्हिसाच धोक्यात येईल. कुठल्या विद्यापीठाशी बोलणं चालू आहे ते कळव. तिथे आपलं कुणी मराठी असेल तर मी गाठ घालून देते.