दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली का?

दर महिन्याला तीच पत्रं येतात. दाढ दुखली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, थांबलं, पुन्हा ठणकायला लागली. म्हणून या वेळी सगळे प्रश्न दाढेतल्या पूचेच घेते आहे.

प्रश्न : मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी पू निघून जाईल का?

नाही. बरं वाटेल, पण पू मुळाशी असतो, तिथवर गुळणी पोचत नाही.

प्रश्न : खालच्या दाढेला वर्षभरात तीनदा सूज आली. दर वेळी पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं की उतरते. आता हिरडीवर पुळी आहे, दाबली की खारट पू येतो, पण दुखत नाही. तरी दाखवायला हवं का?

हवं, आणि याच आठवड्यात. दुखत नाही याचा अर्थ पूला बाहेर पडायला वाट मिळाली, एवढाच. आतला दाब कमी झाला म्हणून ठणका गेला.

हे नीट समजून घ्या. गोळीतलं औषध रक्तातून पोचतं. दाढेच्या आत नस असते. कीड तिथवर गेली की नस मरते आणि तिचा रक्तपुरवठा थांबतो. जिथे रक्तच जात नाही, तिथे औषध कसं जाणार? मुळाबाहेरची सूज उतरते, आतला सडका भाग तसाच राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. दरम्यान मुळाभोवतीचं हाड झिजत जातं.

एका गृहस्थांना अशीच पुळी होती. बिघडलेला दात म्हणून ते पुढच्या उपदाढेकडे बोट दाखवत होते. पुळीच्या तोंडातून गटापर्चाची (रूट कॅनॉल भरायला वापरतात त्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी अलगद आत सरकवून एक्स-रे काढला, तर तिचं टोक मागच्या दाढेच्या मुळाला टेकलेलं! ते आपल्या मनानेच उपदाढ काढायला सांगत होते.

यावर उपाय दोनच : रूट कॅनॉल (म्हणजे मेलेली नस काढून मुळातल्या नळ्या साफ करून भरणं), नाहीतर दाढ काढणं. ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर गोळ्या लागतात, पण या उपचारांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही. चिठ्ठीशिवाय गोळ्या देणाऱ्या मेडिकलवाल्याचा आणि घरातल्या उरलेल्या पाकिटाचा सल्ला कृपया घेऊ नका. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या.

जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास जड झाला, तर रात्र असली तरी मोठं हॉस्पिटल गाठा. ही सूज श्वासाची वाट बंद करू शकते.

प्रश्न : वरची दाढ काढली की नजर अधू होते का?

नाही. दाताची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. या भीतीपोटी लोक पू घेऊन वर्षानुवर्षं बसतात.

प्रश्न : रूट कॅनॉलला चार महिने झाले, चावताना अजून दुखतं. एका दवाखान्यात म्हणाले, दाढ काढून इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम दात) करा, आज ठरवलंत तर सवलत. काय करू?

आज काही ठरवू नका. सवलतीची मुदत हे दाढ काढायचं कारण नव्हे. कॅप उंच बसली असेल, एखादी नळी साफ करायची राहिली असेल (वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी हमखास निसटते) किंवा मूळ तडकलं असेल. पहिल्या दोन्हींवर इलाज आहे, तडकलेलं मूळ मात्र बहुधा काढावंच लागतं. आधीचा एक्स-रे घेऊन एन्डोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडे जा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. झिजलेलं हाड भरायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, त्यामुळे एक्स-रेवर डाग दिसला म्हणून लगेच घाबरू नका. चावताना दुखणं मात्र अंगावर काढू नका.

प्रश्न : रूट कॅनॉल झालंय, दुखत नाही. कॅप दिवाळीनंतर बसवली तर चालेल?

दाढ असेल तर महिनाभराच्या आत बसवा. तात्पुरत्या सिमेंटमधून लाळ झिरपते, आणि सुपारीचं एक खांड दाढ उभी चिरायला पुरतं.

प्रश्न : रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दाढ काढण्याआधी बंद करू का?

स्वतःहून एक दिवसही नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा आणि गोळ्यांची चिठ्ठी दंतवैद्याला आधी दाखवा.