पट्टा, पेट्या आणि लावणी

प्रश्न : मी देवगड तालुक्यात राहते, वय ४९. आंब्याच्या हंगामात दिवसभर खाली बसून पेट्या भरते. दोन वर्षं कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली) निघाला, तेव्हापासून पट्टा लावते. दहा व्यायाम छापलेला कागद मिळाला होता. आठ दिवस केले, दुखणं वाढलं, सोडून दिले. नेमका कुठला व्यायाम करू? यंदा भाताच्या लावणीला वाकू की नको?
– एक वाचक

उत्तर : ताई, असे कागद फिजिओथेरपिस्ट म्हणून मीही पुष्कळ वाटलेत आणि नंतर पेशंटच्या घरी फडताळात डब्यांखाली अंथरलेले पाहिलेत. दहा व्यायाम कोणी करत नाही. मीही करत नाही.

आधी रिपोर्टचं बोलू. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी शंभरातल्या साठेकांना डिस्क बल्ज दिसतो. तेव्हा 'मणका सरकला' म्हणून घाबरून बसू नका. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातलं बळ कमी व्हायला लागलं, तर व्यायाम राहू दे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पट्ट्याचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यांत व्यायामाला होकार आहे, पट्ट्याला आणि ट्रॅक्शनला (वजन लावून कंबर ताणण्याला) नकार. रोज तासाभराने कमी करत सोडा.

आता व्यायाम. २०२१ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने, २४९ अभ्यास एकत्र तपासले. काहीच न करणाऱ्यांपेक्षा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं शंभर गुणांच्या मापावर पंधरा गुणांनी कमी भरलं. म्हणजे उतार पडतो, जादू होत नाही. पेट्या भरणाऱ्या बाईला पंधरा गुण थोडे नाहीत.

तुम्ही दोनच करा. पहिला, पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर सावकाश उचलायची. दुसरा, मुलांना पाठीवर घ्यायला घोडा होतो तसं हातापायांवर यायचं, उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग उलट. दहा आकडे मोजेपर्यंत थांबा, पाच-पाच वेळा. सुरुवातीला थोडं ठणकणारच. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ठणका पहिल्यावर आला तर तेवढंच चालू ठेवा, नाही आला तर निम्मं करा. बंद मात्र करू नका. आठव्या दिवशी चुकलं ते इथेच.

आणि चाला. पावसात पाखाडी निसरडी असते, म्हणून पडवीत फेऱ्या मारा. दहा मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासावर या. पेट्या भरताना दर वीस मिनिटांनी उठून उभ्या राहा. मुकादम काही म्हणाला तर त्याला हे पान दाखवा.

लावणीला जा. पण आधी महिनाभर अर्धी कळशी गुडघे आणि खुबे वाकवून उचलायचा सराव करा, मग पाऊण, मग भरलेली. शेतात पहिल्या दिवशी सगळी चोंढी आवरायला जाऊ नका.

गणपतीत चाकरमानी आले की हे सगळं मोडतं. माझंही दरवर्षी मोडतं. त्या दिवसांत निदान घोड्याचा व्यायाम तेवढा करा, आरतीला उभं राहायच्या आधी.